सीनियर कॉलेजात शिकवायचंय? एमएच्या निकालापासून पहिल्या प्रमोशनपर्यंतचा हिशेब

दर वर्षी जूनच्या आसपास माझ्याकडे तीन-चार जण येतात. एमएचा निकाल लागलेला असतो, हातात प्लॅस्टिकची फाइल असते आणि प्रश्न ठरलेला असतो: "सर, प्राध्यापक व्हायचंय, काय काय करावं लागेल?" एका चहात याचं उत्तर देऊन होत नाही, म्हणून एकदा लिहून काढतोय. मी तालुक्याच्या गावातल्या अनुदानित कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे उदाहरणं त्याच विषयाची येतील. इतिहास, समाजशास्त्र, मराठी, अर्थशास्त्रवाल्यांनाही बहुतेक सगळं लागू आहे. भूगोल आणि मानसशास्त्राला प्रॅक्टिकल असतात, त्यांचा वर्कलोड थोडा वेगळा मोजला जातो.

अर्ज नंतर, आधी वर्कलोड

प्रत्येक जण नेट-सेट या पात्रता परीक्षांपासून सुरुवात करतो. मी आधी वर्कलोड समजावून सांगतो, कारण कला शाखेतल्या जागा त्यावर ठरतात. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं. एखाद्या कॉलेजात तुमच्या विषयाचे एकूण २५ तास भरत असतील, तर एक पूर्णवेळ माणूस आणि उरलेले ९ तास सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर. विद्यार्थी घटले, तुकडी कमी झाली, की तास घटतात. मग रिटायर झालेल्या सरांची जागा भरलीच जात नाही. बाहेरून आपल्याला वाटतं जागा रिकामी आहे. ऑफिसच्या लेखी ती जागा उरलेलीच नसते.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे गणित आणखी हलवलं आहे. महाराष्ट्रात २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि पदव्युत्तर वर्गांना, आणि पुढच्या वर्षापासून संलग्न कॉलेजांत मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि जोड विषयाची, रचना आली. सत्राला २२ क्रेडिट, थिअरीच्या एका क्रेडिटला १५ तास. पूर्वी एफवायला जनरल पेपर म्हणून शंभर-सव्वाशे मुलं आपोआप यायची. आता त्यांनी तुमचा विषय मायनर किंवा ओपन इलेक्टिव्ह म्हणून निवडावा लागतो. म्हणून पहिलं काम हे करा: तुमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यात तुमचा विषय मेजर म्हणून किती कॉलेजांत आहे, तिथे पूर्णवेळ माणसं किती आणि त्यातली पुढच्या पाच-सात वर्षांत निवृत्त होणारी किती, याची एक यादी काढा. दोन दिवसांचं काम आहे. अनेक जण दहा वर्षं घालवतात, पण हे दोन दिवस काढत नाहीत.

जाहिरात वाचताना 'अनुदानित', 'विनाअनुदानित', 'कायम विनाअनुदानित', 'कंत्राटी' हे शब्द बोट ठेवून वाचा. पूर्ण सरकारी वेतनश्रेणी फक्त अनुदानित मंजूर पदाला मिळते. सातव्या आयोगात शैक्षणिक स्तर १०, सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडं. विनाअनुदानित तुकडीवर शिकवणाऱ्याला संस्था ठरवेल ते. वर्गात दोघं शेजारी-शेजारी तोच अभ्यासक्रम शिकवतात, आणि एक तारखेला एकाच्या खात्यात दुसऱ्याच्या पाचपट रक्कम पडते. हे माहीत असूनच आत या.

नेट, सेट आणि कुठल्या भाषेत

पात्रतेत पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के लागतात, आरक्षित प्रवर्गांना ५० टक्के, आणि त्याबरोबर नेट किंवा सेट. विद्यापीठाच्या विभागात पीएचडीशिवाय घेणारच नाहीत, असा नियम मध्ये आला, पुढे ढकलला गेला आणि १ जुलै २०२३ पासून नेट-सेट हीच किमान पात्रता राहिली. तरीही मोठ्या विद्यापीठात समोरच्या खुर्च्यांवर पीएचडी झालेलेच बसलेले असतात, ते सोडा.

दोन्ही परीक्षांचा साचा एकच: पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा विषयाचा १०० प्रश्नांचा, एकूण ३०० गुण, तीन तास. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही गोल रिकामा सोडू नका. किमान गुण खुल्या प्रवर्गाला ४० टक्के, आरक्षितांना ३५ टक्के, पण तेवढ्याने पास होत नाही. परीक्षेला बसलेल्यांपैकी साधारण सहा टक्केच पात्र ठरतात, म्हणजे खरी झुंज कटऑफशी असते.

फरक भाषेचा आहे. नेटचा विषयाचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत येतो. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, आणि तिथे कला शाखेच्या विषयांना मराठी प्रश्नपत्रिका मिळते. मराठी माध्यमातून एमए केलेल्याने सेट आधी आणि नेट नंतर असं धरलं तर हुरूप टिकतो. १ जून २००२ नंतरची सेट ज्या राज्याची त्याच राज्यात चालते, हे मात्र लक्षात ठेवा. बेळगाव, इंदूर, हैदराबादकडे जायचा विचार असेल तर नेटच हवी.

पहिल्या पेपरकडे कला शाखेची मुलं दुर्लक्ष करतात. 'टीचिंग अँड रिसर्च ॲप्टिट्यूड' म्हणजे काहीतरी सामान्यज्ञान, असा समज असतो. प्रत्यक्षात माहितीच्या अर्थनिर्वचनाची पाच गणितं, तर्कशास्त्र, संशोधनाच्या पायऱ्या यांवर रोज अर्धा तास दिला तर तिथे मिळणारे दहा-बारा गुणच कटऑफची रेघ ओलांडून देतात. विषयाच्या पेपरला मागच्या दहा प्रश्नपत्रिका सोडवा, आणि प्रत्येक चुकीच्या पर्यायासमोर तो का चुकीचा हे एका ओळीत लिहा. मी ज्यांना हे करायला लावलं त्यांच्यातले अर्धेअधिक कंटाळून थांबले. जे टिकले ते बहुतेक पास झाले.

नेटमधूनच मिळणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोशिपसाठी (जेआरएफ) वयाची अट आहे, खुल्याला ३०. बसत असाल तर त्यासाठी एक जादा प्रयत्न जरूर करा. २०२३ पासून फेलोशिप महिन्याला ३७,००० रुपये आहे, आणि सीएचबीवर शिकवून एवढे पैसे हाती पडत नाहीत. जेआरएफ नाही झाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

पीएचडी: विषय आधी, गाइड नंतर

२०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट. सहायक प्राध्यापकाकडे चार, सहयोगीकडे सहा, प्राध्यापकाकडे आठ विद्यार्थी. त्यामुळे गाइडकडे, म्हणजे मार्गदर्शकाकडे, जागा आहे का, हा प्रश्न सगळे विचारतात आणि जागा असेल तिथे विषय बेततात. त्यातून 'अमुक जिल्ह्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास, विशेष संदर्भ फलाणा तालुका' असे शंभर प्रबंध तयार होतात. 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन तुमच्या विषयाचे शब्द टाका. तेच शीर्षक, फक्त तालुका बदललेला, असे चार प्रबंध सापडले तर थांबा.

माझी कसोटी साधी आहे. तुमच्या हाताशी अशी कुठली सामग्री आहे, जी दुसऱ्याला सहज मिळणार नाही? गावातल्या सहकारी सोसायटीचे जुने प्रोसिडिंग, एखाद्या शिक्षणसंस्थेचे वार्षिक अहवाल, नगरपालिकेचे ठराव, आजोळच्या माणसांची चळवळीतली पत्रं. त्यातून विषय काढा. मग पुण्याच्या पुराभिलेखागारात, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात, भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा धुळ्याच्या राजवाडे मंडळात जाल, तेव्हा काय शोधायचं ते तुम्हाला माहीत असेल. मोडी येत नसेल आणि विषय इतिहासाचा असेल, तर पहिल्या सहा महिन्यांत मोडी शिका. दुसऱ्याकडून लिप्यंतर करून घेतलेल्या कागदात काय वगळलं गेलं, ते तुम्हाला कधीच कळत नाही.

सीएचबी: मुदत घालून या

बहुतेकांची सुरुवात इथूनच होते. जून-जुलैत कॉलेज जाहिरात देतं, स्थानिक निवड समिती बसते, तुम्हाला आठवड्याचे मोजके तास मिळतात. मानधन घेतलेल्या तासांवर. सुट्टी, परीक्षा, दिवाळी यांचे पैसे नाहीत. बिलं सहसंचालक कार्यालयात जातात आणि पैसे अनेकदा कित्येक महिन्यांनी एकदम येतात. म्हणून सीएचबीच्या भरवशावर घरभाड्याचा करार करू नका.

तरी एक-दोन वर्षं जरूर करा. वर्गात उभं राहणं दुसरीकडे शिकायला मिळत नाही. फक्त तीन कागद हातात आल्याशिवाय वर्ष संपलं असं समजू नका: नेमणुकीचं पत्र, विद्यापीठाची मान्यता आणि तासांच्या उल्लेखासह अनुभवाचा दाखला. यूजीसीच्या छाननी तक्त्यात अनुभवाच्या वर्षाला २ गुण, जास्तीत जास्त १० आहेत, पण मान्यतेचं पत्र नसलेलं वर्ष मुलाखतीत कुणी धरत नाही. माझं स्वतःचं एक अख्खं वर्ष असंच हवेत गेलं. कॉलेजने प्रस्तावच पाठवला नव्हता, आणि मी "बघू, करू" यावर विश्वास ठेवून बसलो. आता सप्टेंबर उजाडला की मी आमच्या नव्या मुलांना घेऊन ऑफिसात जातो आणि मोठ्या बाबूंना जावक क्रमांक विचारतो. जावक क्रमांक मिळाला म्हणजे कागद खरंच गेला.

माझं मत विचाराल तर सीएचबीला चार वर्षांची मुदत घाला. चौथ्या वर्षी वर काढलेली यादी पुन्हा बघा. जागा नसतील तर एमपीएससी, पत्रकारिता, भाषांतर, प्रकाशन, स्वयंसेवी संस्था, स्पर्धा परीक्षांचे क्लास, जे जमेल ते धरा. चाळिशीतही सायकल स्टँडवर उभं राहून "यंदा जागा भरतील म्हणतात" असं बोलणारे माझे मित्र आहेत. हुशारीत ते माझ्यापेक्षा कमी नव्हते.

मुलाखत, आणि जी गोष्ट कुणी लिहीत नाही

पूर्णवेळ जागेसाठी संस्थेला शासनाचं ना हरकत प्रमाणपत्र आणि तपासलेली बिंदुनामावली, म्हणजे कुठली जागा कुठल्या प्रवर्गाची याचा तक्ता, लागते. मग वर्तमानपत्रात जाहिरात, आणि समितीत संस्थेचे अध्यक्ष, प्राचार्य, कुलगुरूंचे प्रतिनिधी, विषयतज्ज्ञ आणि शासनाचा माणूस. खोलीत आठ-दहा जण असतात आणि तुमच्या वाट्याला दहा-पंधरा मिनिटं येतात. तज्ज्ञ बहुतेक दोनच गोष्टी बघतात: प्रबंधाचा मुख्य मुद्दा तीन वाक्यांत सांगता येतो का, आणि एफवायच्या मुलाला एखादी संकल्पना समजावता येते का. तेव्हा तीन वाक्यं पाठ नव्हे, पचलेली असू द्या. फळ्यावर शिकवायला सांगितलं तर सोपा विषय घ्या आणि एकच मुद्दा पूर्ण करा.

आता पैशांचं. अनेक ठिकाणी जागेचा भाव ठरलेला असतो, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. मी एका मुलाखतीला गेलो तेव्हा बाहेरच्या बाकावर बसलेल्या शिपायाने मला प्रेमाने सांगितलं होतं, "सर, तुम्ही जेवून निघा, त्यांचं झालंय." निकाल त्याच्या म्हणण्यासारखाच लागला. माझा सल्ला सरळ आहे: पैसे देऊ नका. तो गुन्हा आहेच. शिवाय जमीन विकून घेतलेल्या नोकरीचं कर्ज फिटेपर्यंत तुम्ही संस्थेसमोर मान वर करू शकत नाही, आणि मंजुरी अडकली तर त्या पैशांची पावती कुणाकडेच नसते. अशी संस्था दिसली तर प्रवासभाड्यावर पाणी सोडा आणि पुढच्या जाहिरातीकडे बघा. सरळ मुलाखती घेणाऱ्या संस्थाही आहेत, मी अशाच एकीत आहे.

पहिला तास

माझ्या पहिल्या तासाला मी अकरा पानं लिहून नेली होती. विषय होता राज्यसंस्थेचे सिद्धांत. पंचवीस मिनिटांत पानं संपली, तासिका ४८ मिनिटांची. दुसऱ्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. मला वाटलं, चला, प्रश्न आला. ती म्हणाली, "सर, हे लिहून घ्यायचं होतं का?"

त्या प्रश्नाने माझी पुढची दोन वर्षं घडवली. समोर बसलेली मुलं कोण आहेत, ते मी बघितलंच नव्हतं. निम्मी मुलं पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर पळून आलेली. चार-पाच एमआयडीसीतली रात्रपाळी करून आलेली. मुलींना अकराची एसटी चुकली तर दोनशिवाय गाडी नाही. बहुतेकांनी बारावीपर्यंत शिक्षकाने सांगितलं ते वहीत उतरवलं आहे, आणि बाजारातल्या गाइडमधून परीक्षा दिली आहे. त्यांच्यापुढे हॉब्ज आणि लॉक वाचून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

मग मी एक तास बदलून बघितला. विषय: केंद्र आणि राज्य यांच्यातली अधिकारविभागणी. आदल्या दिवशी सांगितलं, घरातला कुठलाही एक सरकारी कागद आणा. दुसऱ्या दिवशी बाकांवर सातबारा, लाइट बिल, पोस्टाचं पासबुक, एसटीचा पास आणि आमच्याच कॉलेजचं बोनाफाइड जमा झालं. फळ्यावर तीन रकाने काढले: केंद्रसूची, राज्यसूची, समवर्ती सूची. घटना लागू झाली तेव्हा त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ विषय होते एवढंच सांगितलं, आणि खडू मुलांकडे दिला.

पोस्टाचं पासबुक केंद्रात, सातबारा राज्यात, इथपर्यंत सरळ गेलं. लाइट बिलावर पहिला घोळ: महावितरण राज्याची कंपनी, मग वीज राज्याची? वीज समवर्ती सूचीत आहे, आणि २००३ चा वीज कायदा संसदेने केलेला आहे. एसटीच्या पासावर तर भांडणच जुंपलं. एक जण म्हणाला महामंडळ राज्याचं, विषय संपला. मागून आवाज आला, "मग ड्रायव्हरचं लायसन्स कर्नाटकात कसं चालतं?" मोटार वाहनं समवर्ती, गावातला रस्ता राज्याचा, पुढे लागतो तो राष्ट्रीय महामार्ग केंद्राचा. एका पासात तिन्ही रकाने आले. शेवटी बोनाफाइड. शिक्षण मूळचं राज्यसूचीत, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समवर्तीत गेलं. "म्हणून नवीन धोरण दिल्लीवरून आलं का सर?" हा प्रश्न मला विचारावा लागला नाही, तो मुलांनीच विचारला. त्या दिवशी लिहून घ्यायचं का, असं कुणी विचारलं नाही. शेवटच्या दहा मिनिटांत मीच सांगितलं, आता लिहा.

असा तास रोज जमत नाही, हेही सांगतो. आठवड्यातून एक जमला तरी खूप झालं. बाकीच्या तासांना हा क्रम ठेवा: आदल्या रात्री एका प्रश्नाच्या रूपात तासाचा मुद्दा लिहा, तो फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात टाका, तास संपताना एका मुलाकडून त्याचं उत्तर घ्या. बोलण्याच्या टिपणांना एक पान पुरे. उदाहरणं तालुक्यातली शोधा, पण निवडणुकीच्या दिवसांत स्थानिक पुढाऱ्याचं नाव उदाहरणात घेऊ नका. त्याचा पुतण्या तिसऱ्या बाकावर असतो.

इतरांनी काय करावं? इतिहासवाल्यांनी गावच्या शाळेचं शंभर वर्षांपूर्वीचं दाखलखारिज रजिस्टर उघडावं. मराठीवाल्यांनी मुलांना आजीच्या ओव्या लिहून आणायला सांगाव्यात. समाजशास्त्राला तर गावची आळीरचना हेच पाठ्यपुस्तक आहे.

संज्ञांची अडचण मात्र सगळ्यांना सारखी. 'सॉव्हरिनटी'ला सार्वभौमत्व रुळलंय, पण 'हेजिमनी'ला कुणी धुरीणत्व म्हणतं, कुणी वर्चस्व, आणि 'डिस्कोर्स'ला चर्चाविश्व की संभाषित यावर सेमिनारमध्ये जेवणाची वेळ टळते. राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि वाईच्या मराठी विश्वकोशातल्या नोंदी ऑनलाइन आहेत, तिथून एक प्रतिशब्द निवडा आणि वर्षभर तोच वापरा. सोबत इंग्रजी संज्ञा फळ्यावर लिहा, कारण उद्या यातलीच दोन मुलं नेटला बसणार आहेत.

अंतर्गत गुण आणि पेपर तपासणी

ट्युटोरियल म्हणून 'पंचायत राजवर निबंध लिहा' म्हटलं, की मोबाइलवरून उतरवलेले साठ निबंध येतात. त्याऐवजी मुलांना १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला बसवा आणि दोन पानं लिहून मागा: किती माणसं होती, बायका किती, कोण बोललं, कुठला ठराव झाला. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतला जो आकडा कमी असेल ती. एका मुलाने लिहिलं होतं की वहीत सह्या १०४ आणि पारावर माणसं १९, त्यांत तो स्वतः धरून. हे त्याने कुठूनही कॉपी केलेलं नव्हतं. त्याला मी पूर्ण गुण दिले, आणि ते पान सरपंचांपर्यंत जाणार नाही याची काळजी घेतली.

विद्यापीठाचे पेपर कॅपमध्ये, म्हणजे मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात, तपासायचे असतात. नव्या माणसाने पहिले दहा पेपर गुण न देता नुसते वाचावेत. त्या वर्षीची पातळी कळते. नाहीतर सकाळी कडक आणि दुपारी जेवणानंतर ढिले, असे गुण पडतात. गाइडमधलं तेच वाक्य शंभर पेपरांत भेटतं, त्यावर चिडू नका. आपण वर्षभर दुसरं काही दिलं नसेल, तर मुलं गाइडच लिहिणार.

कागद रोजच्या रोज

वर्गाबाहेरचं काम कुणी आधी सांगत नाही: कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठीची निकषवार माहिती, वार्षिक गुणवत्ता अहवाल, राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर, प्रवेशाच्या रांगा, निवडणूक ड्युटी, प्रत्येक जयंतीचा फोटो आणि त्याखालची बातमी. हे टळत नाही. नव्या माणसाला कमिट्या जास्तच मिळतात, कारण तो नाही म्हणत नाही. पहिल्या दोन वर्षांत एकच मोठी जबाबदारी घ्या आणि ती नीट करा. दुसरी आली तर प्राचार्यांना नम्रपणे पहिलीची आठवण द्या.

पहिलं प्रमोशन स्तर १० वरून ११ वर: पीएचडी असेल तर चार वर्षांनी, नुसती नेट-सेट असेल तर सहा वर्षांनी. त्याआधी २१ दिवसांचा ओरिएंटेशन कोर्स आणि एक रिफ्रेशर किंवा तत्सम कोर्स लागतो. लोक पाचव्या वर्षी धावपळ करतात आणि तारीख हुकली की लाभाची तारीख पुढे सरकते. तुम्ही दुसऱ्या उन्हाळ्यातच ओरिएंटेशन उरका. घरी एक बॉक्सफाइल ठेवा आणि प्रत्येक ऑर्डर, प्रमाणपत्र, परीक्षेच्या ड्युटीचं पत्र आलं त्याच दिवशी तिच्यात टाका, मोबाइलवर स्कॅन करून तारखेच्या नावाने ठेवा. आमच्या एका ज्येष्ठ मॅडमनी अकरा वर्षांपूर्वीच्या सेमिनारचं प्रमाणपत्र शोधायला दिवाळीत माळा उपसला होता. ते सापडलं, पण फराळ राहिला.

लिहायचं कुठे

दर आठवड्याला मोबाइलवर मेसेज येतो: आंतरराष्ट्रीय संशोधन पत्रिका, आयएसएसएन क्रमांकासह, तीन दिवसांत प्रकाशन. हजार-दीड हजार भरले की छापतात. मान्य पत्रिकांची यूजीसीची केअर यादी २०२५ मध्ये बंद झाल्यावर तर या दुकानांना रान मोकळं मिळालं. असे सहा लेख असले तर तज्ज्ञ मंडळी पत्रिकेचं नाव वाचतात आणि पान उलटतात. वर्षाला एकच लेख लिहा, 'समाज प्रबोधन पत्रिका', 'नवभारत', 'परामर्श' यांच्यासारख्या ठिकाणी पाठवा, परत आला तर सुधारा. मराठीत लिहिलेल्याला कमी समजतात ही तक्रार खरी आहे, म्हणून त्याच कामाचा एक लेख इंग्रजीतही करायला शिका.

आणि वाचन. तालुक्याच्या कॉलेजात नवी पुस्तकं उशिरा येतात, काही येतच नाहीत. ग्रंथपालांकडून एन-लिस्ट या कॉलेजांसाठीच्या ऑनलाइन वाचनसेवेचा पासवर्ड रुजू झाल्याच्या आठवड्यातच मागून घ्या, घरबसल्या हजारो नियतकालिकं उघडतात. मी शनिवारी दुपारनंतर कुठलीही मीटिंग घेत नाही. साडेबाराला स्टाफरूमच्या मागच्या खिडकीपाशी बसतो, फोन कपाटात ठेवतो. सुरुवातीला शिपाई दर अर्ध्या तासाला निरोप घेऊन यायचा. आता तोच दाराबाहेर सांगतो, "सर वाचतायत, सोमवारी या."